परीक्षा लेकरांची की मायबापांची?



फेब्रुवारी-मार्च आला की दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. लातूर विभागीय मंडळाकडे लातूर, नांदेड आणि धाराशिव असे तीन जिल्हे आहेत. या तीन जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर जी जत्रा भरते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. मोटारसायकली लागलेल्या असतात. गाईडची पाने फाडलेली असतात. जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मायक्रो झेरॉक्स काढायला रांग असते. शाळेच्या मागच्या भिंतीवर कोणी चढलेला असतो, कोणी खिडकीच्या गजाला लोंबकळत असतो. अलीकडे बंदोबस्त वाढला, कॅमेरे आले, तशी ही जत्रा काही ठिकाणी पांगली. पण ती मोडली असे म्हणायला आमची जीभ धजत नाही.

या जत्रेत कोण असते हे जरा नीट बघा. भिंतीवर चढलेला बाप असतो, मामा असतो, चुलता असतो, थोरला भाऊ असतो. जे लेकरू आत बसले आहे ते पंधरा-सोळा वर्षांचे. त्याला चिठ्ठी पुरवणारा मात्र चाळिशीचा, मिशा पिकत आलेला. कॉपी पकडली की पेपरात छापून येते, ‘इतके विद्यार्थी रस्टिकेट.’ चिठ्ठी पुरवणारा बाप कधी रस्टिकेट झाल्याचे आम्ही वाचले नाही. पोरे बिघडली, पोरे अभ्यास करीत नाहीत, पोरांना मोबाईलचे वेड लागले, असे आपण पारावर बसून म्हणतो. त्या पोरांना पहिली चिठ्ठी कोणी दिली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आमच्या मते त्या चिठ्ठीवर उत्तराशिवाय आणखी एक गोष्ट लिहिलेली असते, आणि लेकरू ती बरोबर वाचते. ‘बाळ, तुझ्याने होणार नाही हे आम्हाला माहीत आहे,’ असे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. ज्या समाजाला हजारो वर्षे ‘तुझ्याने होणार नाही’ असे इतरांनी ऐकवले, त्या समाजातल्या बापाने आपल्या लेकराला तेच ऐकवावे, याचे आम्हाला दुःख होते.

ही सवय परीक्षेच्या दिवशी एकाएकी लागत नाही. तिची सुरुवात घरातच होते. एस.टी.त बसल्यावर सहा वर्षांच्या लेकराला आपण सांगतो, ‘कंडक्टरने विचारले तर चार वर्षांचा आहे म्हण.’ भिशीचे पैसे मागायला माणूस दारात आला की आतून पढवून पाठवतो, ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग.’ गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी आणायला टपरीवर आपण लेकरालाच पिटाळतो. पौर्णिमेला विहारात हात जोडून पंचशील म्हणायचे आणि रात्री नेमके त्यातल्या पाचव्या शीलाचे काय करायचे, हे सांगायला नको. लेकरू हे सगळे बघते. ते वाद घालीत नाही, उलट उत्तर देत नाही. ते फक्त शिकते. बोलायचे एक आणि करायचे दुसरे, हा धडा त्याच्या मनावर दहावीच्या आधीच पक्का झालेला असतो.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून आहोत. आकडे मांडण्यात आमचा जन्म गेला. खतावणीत एक खोटी नोंद घातली की ती जुळवायला दुसरी घालावी लागते, दुसरीसाठी तिसरी, आणि वर्षअखेरीला ताळा बसतच नाही. माणसाचेही तसेच आहे. एस.टी.तली दोन वर्षे लपवायला शिकलेले लेकरू पुढे काय काय लपवील याचा हिशोब आपण आजच करायला हवा.

भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला खोटे बोलण्याविषयी कसे शिकवले, ही कथा बुद्धवचनात आली आहे. राहुल लहान वयात संघात आला. तो राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहत असता बुद्ध त्याला भेटायला गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. बुद्धांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवून ते राहुलाला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यातले चांगलेपण एवढेसेच उरते, असे त्याला समजावले. मग ते पाणी फेकून दिले. मग भांडे पालथे केले. मग सुलटे करून रिकामे भांडे दाखवले. दर वेळी त्याच गोष्टीचा अर्थ आणखी खोल करून सांगितला. थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही, हे त्याच्या मनावर बिंबवले. शेवटी आरशाचे उदाहरण दिले. आरसा बघण्यासाठी असतो, तसे काहीही करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर आपण आपल्याला तपासायचे.

या उपदेशाचे महत्त्व सम्राट अशोकानेही ओळखले होते. राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या त्याच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत अशा काही धम्मग्रंथांची नावे आहेत. त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेल्या या उपदेशाचे नाव आहे. बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाला तो दगडावर नोंदवून ठेवावासा वाटला.

आम्ही ही कथा विहारात सांगतो तेव्हा एक गोष्ट मुद्दाम दाखवून देतो. बुद्धांनी राहुलाला छडी दाखवली नाही, ‘आमच्या वेळी असे नव्हते’ असे व्याख्यान झोडले नाही. हातातल्या भांड्यातले पाणी दाखवले. आणि तसे दाखवण्याचा अधिकार त्यांना होता, कारण सांगणाऱ्याचे वागणे आणि सांगणे यांत फरक नव्हता. ज्या बापाचे भांडे आधीच पालथे आहे, त्याने लेकराला काय दाखवावे?

आता नांदेडची गोष्ट. २००९-१० च्या सुमारास आपल्या नांदेड जिल्ह्यात मास कॉपी हा शब्द पोराटोरांच्या तोंडी होता. काही केंद्रांची तर ख्यातीच होती, दूरदूरची पोरे तिथे मुद्दाम फॉर्म भरीत. डॉ. श्रीकर परदेशी तेव्हा जिल्हाधिकारी होते. त्यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली. महसूल, पोलीस, जिल्हा परिषद अशा सगळ्या खात्यांना कामाला लावले. बैठी पथके, भरारी पथके नेमली. पुढे शासनाने याच धर्तीवर राज्यभर अभियान सुरू केले.

नांदेडचा निकाल त्या वेळी घसरला. पुष्कळ लोक चिडले. जिल्ह्याची बेअब्रू झाली म्हणाले, गरिबांच्या पोरांचे नुकसान झाले म्हणाले. आम्हाला विचाराल तर घसरला तो फुगवटा होता. आधीचा निकाल आपल्या लेकरांचा नव्हताच, तो भिंतीवर चढणाऱ्यांचा होता. त्या घसरलेल्या आकड्याने आपल्याला एक खरी गोष्ट सांगितली, की दहा-दहा वर्षे शाळेत जाऊनही आपल्या पुष्कळ लेकरांना काही शिकवलेलेच नव्हते. कॉपीने ही चोरी इतकी वर्षे झाकून ठेवली होती. गणिताला मास्तर नाही, इंग्रजीच्या तासाला मास्तर तालुक्याच्या गावी, प्रयोगशाळेला कुलूप, आणि तरी निकाल भरघोस! मग तक्रार कोण करणार? ज्याच्या हातात पासचे प्रमाणपत्र आले तो बाप शाळेला जाब विचारायला कशाला जाईल?

२०११ मध्ये याच नांदेड जिल्ह्यात शाळांच्या पटाची पडताळणी झाली. हजेरीपटावर नाव आहे आणि वर्गात लेकरूच नाही, असे प्रकार मोठ्या प्रमाणात उघडकीला आले. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळ्या राज्यात पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून लेकरांच्या बोटाला शाई लावावी लागली. शाई लेकरांच्या बोटाला लागली, खोटा पट मात्र शिकल्यासवरलेल्या मोठ्या माणसांनी भरला होता. वर्गात बसलेल्या लेकरांना आपल्या शाळेतली खरी संख्या माहीत नव्हती काय? होती. गुरुजी वहीत काय लिहितात हे त्यांनी पाहिले होते. फळ्यावर सुविचार होता ‘नेहमी खरे बोलावे’ आणि टेबलावर तो पट होता. दोहोंतून लेकरांनी कोणता धडा घेतला असेल?

लातूरचेही सांगितले पाहिजे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले ते मेहनतीने झाले, हे आम्ही मान्य करतो. पोरांनी रात्री जागवल्या, प्राध्यापकांनी सुट्टीच्या दिवशी वर्ग घेतले. आजही मोंढ्यातला हमाल, बांधकामावरचा मिस्तरी, चार घरची धुणीभांडी करणारी माय पोटाला चिमटा घेऊन लेकराला लातूरला खोली करून ठेवते. त्याच लातूरमध्ये जून २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल गुन्हा नोंदवला गेला. नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने केलेल्या चौकशीतून तो पुढे आला आणि नंतर तपास सीबीआयकडे गेला. आरोपींमध्ये जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक होते. दोष कोणाचा आणि किती हे ठरवणे कोर्टाचे काम आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की पैसे भरून मार्क वाढतात अशी अफवा जरी उठली तरी तिच्यामागे धावणारे असतात मोठेच. सोळा-सतरा वर्षांच्या पोराजवळ लाखो रुपये नसतात. ते देणारा हात मोठ्या माणसाचा असतो, घेणारा हातही मोठ्या माणसाचाच.

आता आपल्याच लोकांचा एक प्रश्न. वस्तीत बैठक घेतली की कोणीतरी उठून विचारतोच, ‘साहेब, इतर समाजाच्या पोरांना सगळ्या सोयी, शिकवण्या, वर कॉपी. आमच्या लेकरानेच खरेपणाने नापास व्हायचे काय?’ हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. विचारणाऱ्याच्या पोटात आग असते. पोरगी नापास झाली तर तिचे लग्न लावून द्या म्हणून घरात घाई सुरू होते. पोरगा नापास झाला तर पुण्या-मुंबईला बिगाऱ्याच्या कामावर जातो, नाहीतर ऊसतोडीला. एका नापासाची किंमत आपल्या घरात फार मोठी असते, हे आम्ही जाणतो.

तरीही आमचे उत्तर ठाम आहे. चिठ्ठीवर मिळालेले पस्तीस मार्क फक्त त्या भिंतीपुरते चालतात. पुढे पोलीस भरती आहे, बँकेची परीक्षा आहे, लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे. तिथे मामा भिंतीवर चढू शकत नाही. तिथे आपले पोरगे कोऱ्या कागदासमोर बसते तेव्हा त्याला पहिल्यांदा कळते की आपल्याला काही येत नाही. दुसऱ्याजवळ शेती आहे, दुकान आहे, ओळखीपाळखी आहेत. त्याला कॉपी पचेल. आपल्या लेकराजवळ शिक्षणाशिवाय दुसरे भांडवल नाही, आणि तेच खोटे निघाले तर त्याने जगायचे कशावर? शिवाय राखीव जागेवरून आपल्या शिकलेल्या पोरांना ऑफिसात टोमणे बसतात. जो स्वतःच्या अकलेने वर आला त्याला तो टोमणा लागत नाही. चिठ्ठीवर आलेल्याला मात्र तो आतून खातो.

शिक्षणासाठी या मराठवाड्याने काय मोजले आहे ते आपल्या तरुणांना सांगा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षांच्या त्या लढ्यात ज्यांचे घर गेले, ज्यांची माणसे गेली, त्यांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळखही नव्हती. विद्येच्या मंदिरावर बाबासाहेबांचे नाव लागावे म्हणून अडाणी मायबाप लढले. त्यांच्या नातवंडांनी पदवी चिठ्ठीवर घ्यावी काय?

आणि बाप कसा असावा हे शोधायला आपल्याला दूर जायला नको. सुभेदार रामजी सकपाळ हे फौजी शाळेत हेडमास्तर राहिलेले, कबीरपंथी, निर्व्यसनी गृहस्थ. सगळे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहायचे. अभ्यासाला जागा नाही. तेव्हा ते भीमरावाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे, पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. पोराला पुस्तक हवे असे आणि हातात पैसा नसे, तेव्हा सासरी असलेल्या लेकींकडे जाऊन ते दागिना मागून घ्यायचे, गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. बाबासाहेबांनी स्वतः या आठवणी सांगितल्या आहेत. त्या बापाने अभ्यास कर म्हणून नुसते बजावले नाही, आपली झोप दिली.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. किती मार्क पडले होते? ७५० पैकी २८२. शेकड्याला अडतीसच्याही आत! आजच्या हिशोबाने कोणी बॅनर लावला नसता. पण ते २८२ मार्क अस्सल होते, एकेक मार्क कमावलेला होता. त्या अस्सल पायावर पुढे कोलंबियाची पदवी उभी राहिली, लंडनची डी.एस्सी. उभी राहिली, देशाची घटना उभी राहिली. आपल्या लेकराला चाळीस टक्के पडले म्हणून तोंड लपवणाऱ्या मायबापांनी हा २८२ चा आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

मग आपण करायचे काय? आम्ही मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही. जमतील तेवढ्या सांगतो.

घरात रोज संध्याकाळी दोन तास टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवा. लेकराचाच नव्हे, आपलाही. बापाने रील बघत बसायचे आणि पोराला ‘पुस्तक उघड’ म्हणायचे, हे चालणार नाही. तुम्हाला वाचता येत नसले तरी शेजारी बसा. भाजी निवडा, गोधडी शिवा, पण बसा. लेकराला म्हणा, ‘आज शाळेत काय शिकवले ते मला सांग.’ अडाणी मायला समजावून सांगताना लेकराचा धडा पक्का होतो, आणि त्याला स्वतःला किती कळले तेही उघडे पडते.

शाळेत जा. पहिली ते आठवीच्या शाळेत शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. नुसते सही-अंगठ्यापुरते सभासद होऊ नका. गणिताला मास्तर नसेल तर जूनमध्येच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते, पोच घेतलेला कागद फाईलला लागतो, हे आम्ही कारकुनी अनुभवावरून सांगतो. फेब्रुवारीत भिंतीवर चढण्याची जी ताकद आहे ती जूनमध्ये शाळेच्या पायऱ्या चढायला वापरा.

विहार संध्याकाळी अभ्यासाला उघडे ठेवा. वस्तीतला जो पोरगा कॉलेजात आहे त्याने दहावीच्या पोरांना रोज एक तास द्यावा. जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.चा एक तास कमी केला तर गाईड-पुस्तकांचे कपाट येते.

लेकरू नापास झाले तर त्याला मारू नका, घालूनपाडून बोलू नका. २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षेची सोय आहे, वर्ष वाया जात नाही. खरेपणाने नापास झालेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवा. त्या दिवशी तुम्ही कसे वागता यावरून ते ठरवणार आहे की खरेपणा या घरात चालतो की नाही.

आणि परीक्षेच्या दिवशी केंद्रावर जरूर जा. लेकराला गेटपर्यंत पोचवा, पाण्याची बाटली द्या, हॉल तिकीट आणि पेन तपासा, ‘येईल तेवढे लिही, घाबरू नको’ म्हणा आणि माघारी फिरा. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे, पथके आहेत, पोलीस आहेत. ते येतील न येतील. पण गेटातून आत जाताना लेकरू एकदा मागे वळून बघते. तेव्हा त्याला आपली माघारी जाणारी पाठ दिसली पाहिजे. तेवढ्यावरून त्याला कळेल की आपल्या मायबापांचा आपल्यावर विश्वास आहे.

जय भीम.